झेपेल का हिला?

"यांच्यासाठी हवीय ना? मग ही हलकी काठी द्या. यांना झेपेल."

दुकानदार बोलला ते माझ्या नणंदेशी नाही, तिच्या शेजारी उभ्या असलेल्या तिच्या यजमानांशी. काठी वापरणार ती, पैसे देणार ती, विचारलं भाऊजींना. आणि खरं सांगते मैत्रिणींनो, त्या क्षणी मीसुद्धा म्हणून गेले, "हो गं, हलकीच घे. हात दुखेल नाहीतर."

हा प्रसंग गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला, अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलस शहराजवळच्या एका दुकानातला. काठी म्हणजे मासे धरायची, गळाची काठी. तुम्ही म्हणाल, या बाईला महिलांच्या पानावर लिहायला दुसरा विषय मिळाला नाही का? पण त्या एका काठीनं मला जे शिकवलं, ते गेली पंधरा वर्षं बचत गटांचं काम करूनही माझ्या नीटसं लक्षात आलं नव्हतं.

माझी नणंद, तिला मी चेष्टेनं 'वन्सं' म्हणते, वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडे गेली. माहेर अलिबागकडचं. लहानपणी वडिलांबरोबर खाडीच्या काठी तंगूस धरून बसलेली पोर. मुलं मोठी झाली, घर रिकामं वाटायला लागलं, तेव्हा हिनं काय करावं? एक कयाक घेतली. कयाक म्हणजे एका माणसाची निमुळती होडी. प्लास्टिकची, तीस-पस्तीस किलो वजनाची, गाडीच्या टपावर बांधून नेता येते. मध्ये एक खुर्ची, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. शनिवारी पहाटे उठायचं, डब्यात पोहे भरायचे आणि तळ्यावर जायचं.

तिकडे गोड्या पाण्यात बास नावाचा मासा असतो. रंगानं हिरवट, अंगावर काळसर पट्टा, तोंड हे एवढं मोठं. ठेवण पाहून मला आपल्या रायगडकडच्या जिताड्याची आठवण झाली. अमेरिकेत हा मासा धरण्याचं वेड फार मोठं. त्याच्या स्पर्धा होतात, त्यात मोठाली बक्षिसं असतात. धरलेला मासा बहुतेक जण खात नाहीत, मोजून परत सोडतात.

डॅलसच्या पूर्वेला दीड-दोन तासांवर लेक फोर्क नावाचा जलाशय आहे. 1980 मध्ये धरण बांधून पाणी अडवलं, तेव्हा बरीच झाडं तशीच उभी ठेवली. आजही पाण्यातून राखाडी खोडं वर आलेली दिसतात आणि पाण्याखाली त्याहून जास्त असतात. बास त्या खोडांच्या आडोशाला दबा धरून बसतो. त्याला धरायचं म्हणजे आमिष थेट अडचणीत टाकायचं आणि मासा अडचणीतून बाहेर काढायचा.

पहिल्या शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. शेजारी माझी भाड्याची कयाक, अंगात जीवरक्षक जॅकेट. तिच्या हातातली काठी भाऊजींनी वाढदिवसाला दिलेली. सहा फुटांची, हलक्या गटातली, मुठीवर गुलाबी पट्टी. दोरा सहा पौंडांचा, म्हणजे पावणेतीन किलोंच्या ताणाला तुटणारा.

तासाभरानं मासा लागला. काठी पार गोल वाकली. वन्सं मागे रेलून ओढतेय आणि मासा यायच्या ऐवजी तिची होडीच माशाकडे चाललीय! मला हसू आलं. मासा सरळ एका बुडालेल्या झाडात शिरला. दोन मिनिटं काठी नुसती थरथरत राहिली, मग दोरा तुटल्याचा बारीक आवाज आला.

मी म्हटलं, "जाऊ दे गं, दुसरा मिळेल."

ती काही बोलली नाही. वल्हं मांडीवर आडवं ठेवून पाण्याकडे बघत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मासा गेल्याचं नाही गं वहिनी. गळ तोंडात घेऊन गेला. मागे हातभर दोरा. आता तो झाडात अडकला तर तिथंच मरेल. आणि हे तिसऱ्यांदा झालंय."

मग मात्र मला हसू येईना.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "सगळे म्हणतात, तुझ्या हातात जोर नाही. मला वाटतं, काठीत जोर नाही." रात्री जेवणं झाल्यावर तिनं मला हा प्रकार कागदावर आकृती काढून समजावला. मी बी.ए. मराठीची. भौतिकशास्त्राचा आणि माझा संबंध दहावीला तुटला. पण मला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल.

काठावर किंवा मोठ्या मोटरबोटीत उभं राहून मासा धरणारा माणूस सगळं अंग वापरतो. पाय रोवतो, दोन पावलं मागे सरकतो, कमरेतून झटका देतो. कयाकमध्ये तुम्ही पाण्यापासून हातभर उंचीवर, पाय पुढे पसरून बसलेल्या. मागे सरकायला जागा नाही. खूप कलायचीही सोय नाही, डोकं होडीच्या कडेबाहेर गेलं की होडी उलटायची भीती. राहिले फक्त हात आणि थोडी कंबर. त्यात होडी हलकी. तुम्ही मासा ओढलात की मासा तुम्हाला ओढतो आणि तुमचा निम्मा जोर होडी सरकण्यात जातो. म्हणजे अंगाचा जो जोर इथं कमी पडतो, तो काठीनं भरून काढायला हवा. मऊ काठी तो जोर स्वतःच्या वाकण्यातच जिरवते. गळाच्या टोकापर्यंत काही पोचतच नाही.

आणि गळाचं टोक तिथं कसं असतं ते ऐका. खोडांत अडकू नये म्हणून रबरी गांडुळाच्या पोटात ते लपवलेलं असतं. याला टेक्सास रिग म्हणतात. मासा लागला की एका झटक्यात ते टोक रबर फाडून बाहेर यायला हवं आणि माशाच्या टणक जबड्यात रुतायला हवं. लगेच पुढच्या दोन-तीन सेकंदांत माशाचं तोंड झाडापासून दूर वळवायला हवं. उशीर झाला की संपलं.

म्हणून हवी 'मीडियम हेवी' काठी. प्रत्येक काठीवर मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत तिची कुंडली छापलेली असते. वन्संच्या जुन्या काठीवर होतं, दोरा चार ते आठ पौंड. मीडियम हेवी काठीवर साधारण बारा ते वीस पौंड असतं. आमिषाचं वजनही तसंच. तिथं सात ग्रॅमच्या वर जाता येत नाही, इथं अठ्ठावीस ग्रॅमपर्यंत चालतं. आपण कुकर घेताना किती लिटरचा ते बघतो की नाही, तसंच हे.

तर आता पुन्हा त्या दुकानात या. दुकानदार हलकी काठी पुढे करतोय, मी मान डोलावतेय, भाऊजी पाकिटाला हात घालताहेत. आणि वन्सं शांतपणे म्हणाली, "मला सात फुटांची, मीडियम हेवी कास्टिंग काठी दाखवा. लेक फोर्कवर, कयाकमधून, खोडांत मासे धरते मी."

दुकानदारानं भुवया उंचावल्या. "कास्टिंग रीळ? दोऱ्याचा गुंता होईल हं. बायकांना ते दुसरं सोपं पडतं."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. साध्या रिळात दोरा आपोआप सुटत जातो. कास्टिंग रीळ काठीच्या वर बसतं आणि फेकताना त्याची फिरकी स्वतः गरगर फिरते. अंगठ्यानं ती वेळेवर दाबली नाही तर दोऱ्याचं घरटं होतं. नवशिक्याला हे होणारच, मग तो पुरुष असो की बाई. पण हाताला एकदा वळण पडलं की नेमकं त्या दोन खोडांच्या मधे आमिष टाकता येतं आणि जाड दोरा या रिळावर छान चालतो. उभं आयुष्य आपण लोकरीचे, दोऱ्याचे, रांगोळीच्या ठिपक्यांचे गुंते सोडवतो आणि आपल्याला म्हणे गुंता झेपणार नाही!

वन्संनी तिथंच खुर्ची मागवली. बसून प्रत्येक काठी हातात घेतली. बसूनच का? कारण कयाकमध्ये ती बसलेली असणार. एका काठीची मूठ इतकी लांब निघाली की तिचं मागचं टोक पोटावर आपटत होतं. वर जीवरक्षक जॅकेट घातलं की ते अडकलंच असतं. ती बाजूला. आठ फुटांची एक लांब पडत होती, मासा जवळ आणताना हात पोचेना. तीही बाजूला. सात फुटांची, मूठ आखूड, टोकाजवळ वाकणारी पण खाली भक्कम. "मासा होडीखाली शिरला तर काठी नाकावरून पलीकडे फिरवता आली पाहिजे, म्हणून सहा फूट पुरत नाही," ती म्हणाली. दुकानदार आता गप्प राहून ऐकत होता.

घरी आल्यावर मी एक उद्योग केला. स्वयंपाकघरातला केक करायचा वजनकाटा काढला. जुनी 'हलकी' काठी एकशे वीस ग्रॅम. नवी 'हेवी' काठी एकशे पस्तीस ग्रॅम. फरक पंधरा ग्रॅमचा, तीन चमचे साखर! मग दोन्हींना रीळ लावून वजन केलं. जुन्या काठीचं रीळ मोठं होतं, नव्याचं आटोपशीर. रिळासकट नवी काठी जुनीपेक्षा थोडी हलकीच भरली.

मी काट्याकडे बघतच राहिले. 'हेवी' हा शब्द वजनाचा नव्हताच, ताकदीचा होता. काठी हाताला किती जड, याचा त्याच्याशी संबंध नाही. ती वाकवायला किती जोर लागतो, याचा आहे. आम्ही तिघांनी, दुकानदार, भाऊजी आणि मी, एक शब्द ऐकला आणि तिच्या मनगटाची काळजी करत बसलो. काठी हातात घेऊन बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही. उलट दर शनिवारी मनगट दुखायचं ते त्या हलक्या काठीनं. जे काम काठीनं करायचं ते मनगट करत होतं ना!

इथं एक सांगायला हवं, नाहीतर माझंही त्या दुकानदारासारखं व्हायचं. जाडी काठी म्हणजे सगळ्यात उत्तम असं नाही. मोकळ्या पाण्यात, बारीक तीन काट्यांचे गळ असलेली आमिषं ओढायची असतील तर मऊ काठीच हवी. ताठ काठीनं झटका दिला तर ते बारीक गळ माशाच्या तोंडातून फाटून निघतात. भाऊजींनी तर मला एक उदाहरणच दिलं. टेक्सासचा विक्रमी बास, 18.18 पौंडांचा म्हणजे सव्वाआठ किलोंचा, याच लेक फोर्कमध्ये जानेवारी 1992 मध्ये सापडला. ज्याला मिळाला तो बाससाठी बसलाच नव्हता, क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी गळ टाकून बसला होता. "बघा, हलक्या सामानानंसुद्धा मिळतो!" भाऊजी म्हणाले. मिळतो की. पण एकाला एकदा लॉटरी लागली म्हणून आपण पगार सोडत नाही.

आणि प्रश्न आपल्या हौसेपुरता नाही. मुक्या जिवाचाही आहे. लेक फोर्कवर नियम असा की सोळा ते चोवीस इंचांमधला बास परत पाण्यात सोडावाच लागतो. सोडायचाच आहे तर तो जगायला हवा. हलक्या काठीनं मासा खेळवत खेळवत आणला की तो दमून गळून जातो. उन्हाळ्यात, तापलेल्या पाण्यात, असा दमलेला मासा सोडल्यावर मरण्याचा धोका वाढतो. भक्कम काठीनं तो लवकर हाताशी येतो, लवकर सुटतो. 'नाजूक' काठी माशाला मुळीच नाजूक नसते.

दुकानदारांना, घरच्यांना आणि आपल्यालाही हे सुचत नाही, कारण बाई म्हटलं की प्रश्नच बदलतो. पुरुष काठी घ्यायला गेला की विचारतात, "कुठं धरणार? काय धरणार?" बाई गेली की विचारतात, "झेपेल का?" पहिला प्रश्न कामाचा, दुसरा शंकेचा.

या शंकेला जुनी उत्तरं आहेत. स्कॉटलंडमधल्या टे नदीत 7 ऑक्टोबर 1922 या दिवशी जॉर्जिना बॅलंटाईन या तरुणीनं गळानं 64 पौंडांचा, म्हणजे 29 किलोंचा सॅमन मासा धरला. होडीत वडील वल्हवत होते, दोन तासांवर झुंज चालली. ब्रिटनमध्ये गळानं धरलेल्या सॅमनचा तो विक्रम शंभर वर्षं उलटून गेली तरी तिच्याच नावावर आहे. बासच्या मोठ्या स्पर्धा अमेरिकेत पुरुषांनी पुरुषांसाठी सुरू केल्या. तेव्हा शुगर फेरिस या बाईंनी 1976 मध्ये 'बास्न गॅल' ही बायकांची वेगळी स्पर्धा संघटना उभी केली. ती 1998 पर्यंत चालली. आणि 2009 मध्ये किम बेन-मूर ही मूळची ऑस्ट्रेलियाची मुलगी 'बासमास्टर क्लासिक' या सगळ्यात मानाच्या स्पर्धेत उतरलेली पहिली स्त्री ठरली. या बायकांनी हातात घेतली ती कामाला लागेल ती काठी.

मला मात्र त्या रात्री झोप लागेना, ते वेगळ्याच कारणानं. काही वर्षांपूर्वी आमच्या एका बचत गटानं जाड कापडाच्या पिशव्या शिवायचं काम घेतलं होतं. मशीन निवडायला मी गेले होते. मी काय निवडलं? घरगुती, छोटी, उचलायला हलकी. "बायकांना सोपी पडतील," हे माझेच शब्द. जाड कापडाच्या चार पदरांवर सुया मोडायच्या, टाके सुटायचे. माल परत आला. गटातल्या बायकांनी मान खाली घातली आणि आम्ही ताळेबंदात काय लिहिलं, तर 'सभासदांचं कौशल्य कमी पडलं'. पुढं त्यांतल्याच दोघींना एका कारखान्यात जाड कापडाच्या मोठ्या मशीनवर काम मिळालं. तिथं त्या सफाईनं शिवतात. कौशल्य तेच, हात तेच. फक्त मशीन कामाजोगतं.

म्हणजे गुलाबी पट्टीची काठी मीही वाटली होती. प्रेमानं, काळजीनं. आणि काम फसल्यावर दोष हाताला दिला होता.

पुढच्या शनिवारी आम्ही परत गेलो. मीही एक दिवसाचा परवाना काढला होता, पण माझ्या गळाला शेवाळापलीकडे काही लागलं नाही. वन्संनी पहिल्या अर्ध्या तासात दोनदा दोऱ्याचा गुंता केला आणि दोन्ही वेळा न चिडता सोडवला. मग त्याच झाडाच्या जवळ तिनं आमिष टाकलं. टक् झालं. तिनं दोरा ताणून घेतला, कमरेतून एक झटका दिला आणि काठी खाली, पाण्याला समांतर ठेवून बाजूला ओढली. काठी सरळ वर उभी धरली तर मोडते आणि होडीही डगमगते, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं. होडी थोडी गोल फिरली. मासा एकदा झाडाकडे वळला, पण या वेळी वळणं त्याच्या हातात नव्हतं. मिनिटाभरात तो होडीशेजारी होता.

तिनं हात ओला केला, खालच्या ओठाला धरून मासा उचलला, पट्टीवर ठेवला. एकोणीस इंच. गळ अलगद काढला. पाण्यात धरून ठेवलं, कल्ले नीट हलू लागले तशी बोटं सोडली. शेपटीचा एक फटकारा आणि मासा गेला, तोंडात काही न घेता.

"वहिनी, फोटो काढायचा राहिला गं!" ती म्हणाली. तिचा चेहरा मात्र मला अजून दिसतो.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणी कयाकमध्ये बसतील मला माहीत नाही. पण काहीतरी विकत घ्यायला तुम्ही रोज जाता. लेकीला सायकल, सुनेला गाडी, कामवाल्या मावशींना बादली, शेतावरच्या बाईला विळा. तिथं कुणी म्हणालं, 'यांना हलकं द्या,' तर लगेच मान डोलावू नका. काम काय आहे, ते आधी सांगा. वस्तू हातात घेऊन बघा. जशी वापरणार तशी, बसून तर बसून, वाकून तर वाकून. आणि ती वापरणारी दुसरी कुणी असेल तर तिला विचारा.

परत आल्यावर मी एक काम केलं. बचत गटाची जुनी वही काढली आणि 'सभासदांचं कौशल्य कमी पडलं' या ओळीवर काट मारून खाली लिहिलं, 'मशीन चुकीचं निवडलं.' पुढं माझी सही केली. पुढच्या बैठकीत ते वाचूनही दाखवलं. जुन्या गटातल्या एक मावशी ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं. पण विचारलं कुणी होतं?"